काहीही न वगळणाऱ्यांची थोरवी

लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली लिनक्स कर्नलसाठी गिट लिहिलं. कोणत्या फायलींकडे काणाडोळा करायचा हे गिटला सांगायला डॉट-गिटइग्नोर नावाची साधी फाइल असते. शंकेखोर माणसं ती पहिल्याच कमिटला बनवतात. मोठ्या मनाची माणसं ‘गिट ॲड डॉट’ मारून चहाला जातात. ते नियम तरी कोणी शिकायचे? अख्खं फोल्डर वगळलं, की पुढे उद्गारचिन्ह लावून आतली एखादी फाइल परत आणता येत नाही म्हणे. त्यापेक्षा सगळंच आत घ्यावं.

नोड मॉड्यूल्स हे फोल्डर ‘एनपीएम इन्स्टॉल’ केलं की पुन्हा उभं राहतं, म्हणून का त्याला बाहेर ठेवायचं? त्या हजारो फायली क्लोन होईपर्यंत नव्या मुलाच्या ऑफिसभर ओळखी होतात. रिव्ह्यू करणाराही सुटतो. एवढा डिफ वाचणं माणसाच्या आवाक्यातलं नाही हे सगळ्यांनाच मान्य असतं, तो ‘एलजीटीएम’ लिहून मोकळा होतो. मॅकवाल्याची डीएस-स्टोअर आणि विंडोजवाल्याची थम्ब्स-डीबी एकाच फोल्डरात गुण्यागोविंदाने नांदतात. गिटहब तेवढं कोत्या मनाचं, १०० एमबीच्या वरची फाइल परत पाठवतं.

खरी दानत दिसते ती डॉट-एन्व्ह फाइलमध्ये. डेटाबेसचा पासवर्ड, क्लाउडची चावी, सगळं एका जागी, नावानिशी. सार्वजनिक रिपोत ती पुश झाली, की चाव्या हुंगत फिरणारे बॉट लगेच हजर. आपला कोड कोणी वाचत नाही ही तक्रारच उरत नाही. मग कुणीतरी अनोळखी आपल्या खात्यावर सर्व्हर चढवून क्रिप्टो खणतो आणि बिल आपल्या नावावर येतं. अन्नछत्र चालवणाऱ्याने जेवणाऱ्याची जात विचारू नये.

एवढं झाल्यावर कुणीतरी घाबरून डॉट-एन्व्हचं नाव गिटइग्नोरमध्ये टाकतोच. पण गिट जुन्या ओळखीला जागतं. एकदा ट्रॅक झालेल्या फाइलला तो नियम लागूच नाही. ‘गिट आरएम’ला ‘कॅश्ड’ जोडून तिचं नाव काढेपर्यंत ती प्रत्येक बदलासकट कमिट होत राहते. अरसिक सीनियर म्हणतात, आधी चावी बदल, मग फिल्टर-रेपोने इतिहास धू. कशाला एवढी यातायात? फाइल डिलीट करावी आणि ‘पासवर्ड काढला’ असा स्वच्छ मेसेज लिहून पुश करावं. शोधणाऱ्याला नेमका त्याच्या आधीचा कमिट उघडायला बरं पडतं.