तुरुंगाला पॅनल पाहिजे

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत ज्याच्या पाठीशी पॅनल नाही असा माणूस कुणी शोधून दाखवावा. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी, निरा-भीमा एवढे कारखाने. वर दूध संघ, सोसायट्या, बाजार समित्या. उसाचा दर जरा कमी निघाला की वार्षिक सभेत माइकची ओढाओढ. लग्नाच्या मांडवात पाहुण्यांची खुर्चीसुद्धा पॅनल बघून पहिल्या किंवा चौथ्या रांगेत.

तरी एक जण सापडलाच. दुय्यम कारागृहाच्या दारात, खांद्याला रायफल अडकवून उभा. ड्यूटी : जेल गार्ड.

तालुक्याचा तुरुंग हे अजब खातं आहे. अधीक्षक तहसीलदार, म्हणजे महसूल. पहारा पोलिसांचा, म्हणजे गृह. जेवण ठेकेदाराचं. सुधारणा कैद्याने आपापली करायची.

आता गंमत बघा. ग्रेड पे 4800 हवा म्हणून 3 एप्रिल 2023 ला राज्यातले तहसीलदार, नायब तहसीलदार बेमुदत संपावर गेले. त्यांना संघटना आहे, अध्यक्ष आहे, निवेदन द्यायला लेटरहेड आहे. म्हणजे तुरुंगाचा अधीक्षक संप करू शकतो. बिल थकलं तर ठेकेदार डबे थांबवतो. कैदी उपोषण करू शकतो, आणि त्याची परंपरा तर थोर आहे : 1932 साली येरवड्यात एका कैद्याने अन्न सोडलं आणि पुणे करार झाला. गार्डने अन्न सोडलं तर मेसचं बिल तेवढं कमी होईल.

कारण 1966 चा कायदा. पोलिसाने परवानगीशिवाय कामगार संघटनेत जायचं नाही. 18 ऑगस्ट 1982 ला मुंबईच्या पोलिसांनी संघटनेसाठी रस्ता धरून पाहिला. मुंबई पेटली, संघटनेची मान्यता गेली, नोकऱ्याही गेल्या. तेव्हापासून कुरकुर फक्त तोंडातल्या तोंडात. पतसंस्था मात्र चालते हं! पोलिसांनी एकत्र येऊन कर्ज काढायला सरकारची कधीच हरकत नव्हती.

आता पेन्शनचं. 31 ऑक्टोबर 2005 ला हजर झालेला शिपाई जुन्या पेन्शनचा. 1 नोव्हेंबरला हजर झालेला शेअर बाजाराचा. त्या रात्री एसटी चुकलेल्याचं काय झालं असेल हे त्याचं त्याला माहीत. पगारातून दहा टक्के कापायचे आणि निवृत्तीपर्यंत जगात कुठे युद्ध होऊ नये अशी प्रार्थना करायची.

14 मार्च 2023 ला राज्यभरचे सरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन!’ त्या मोर्चांच्या बंदोबस्ताला कोण? ज्यांचे दहा टक्के कापले जातात तेच. बॅरिकेडच्या या बाजूला उभं राहून आपलीच मागणी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची, आणि घोषणेला ओठ हलले तर खातेनिहाय चौकशी. आपल्याच लग्नात वाढपी होणं ते हेच.

संप सात दिवसांत मिटला. मग समिती, मग अहवाल, मग ‘सुधारित’ योजना. ऑगस्ट 2024 मध्ये दिल्लीने एकीकृत पेन्शन आणली आणि दुसऱ्याच दिवशी मुंबईने ती उचलली. शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मं, पण नोकरी पंचवीस वर्षांची हवी. आमदारसाहेबांना मात्र एका टर्मवर महिना 50 हजार, आणि पाच वर्षांच्या वर प्रत्येक वर्षाला 2 हजार जास्त. दहा टक्क्यांची कपात नाही, बाजाराची धास्ती नाही. पहारा मात्र असतो; तोही याच गार्डचा भाऊबंद देतो.

कारागृह खात्याच्या मोठ्या तुरुंगांत, येरवड्यासारख्या ठिकाणी, निदान जुना कायदा तरी होता. 1894 च्या तुरुंग अधिनियमाचं कलम 54 : दोन महिन्यांची लेखी नोटीस न देता काम सोडलं, किंवा भ्याडपणा केला, तर 200 रुपयांपर्यंत दंड नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद. कामावर आला नाही म्हणून कामाच्याच जागी पाठवायचं, ही सोय गोऱ्या साहेबाला सुचली होती. 2024 च्या हिवाळी अधिवेशनात राज्याने नवा कायदा मंजूर केला. नावात ‘सुधारसेवा’ आली. दाराची पाटी बदलायला सरकारला संप लागत नाही.

संघटनाबंदीवर तोडगा मराठी माणसानेच काढला. बापाला संघटना काढता येत नाही ना? मग पोरांनी काढली. पोलीस बॉईजच्या संघटना राज्यभर आहेत. निवेदन पोरगा देतो, बाप गेटवर उभं राहून पोराला आत सोडायचं की नाही ते ठरवतो. आमच्या मते तुरुंगाच्या पॅनलला हेच उमेदवार घ्यावेत. फक्त एक अडचण आहे. भागातल्या सगळ्या पोरांसारखी हीसुद्धा पहाटे अकॅडमीच्या मैदानावर सोळाशे मीटर पळतात. अध्यक्ष भरतीत निघाला की पद रिकामं.