लिनक्सवाले सर

मराठवाड्यात 'सर' म्हणवून घ्यायला डिग्री लागते; 'लिनक्सवाले सर' व्हायला मात्र एक क्रिम्पिंग टूल पुरतं. नांदेड किंवा लातूरच्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात जा, लॅबच्या शेवटच्या रांगेत टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले दिसतील. ते सर. वरचे सर वेगळे, ते शिकवतात. इतरांच्या शर्टाच्या खिशात सुपारीची पुडी असते तिथं यांचे आरजे-४५ कनेक्टर असतात. लग्नात अक्षता टाकताना दोन-चार कनेक्टरही वराच्या डोक्यावर पडतात आणि नवरदेव त्यांचाच जुना विद्यार्थी असला तर तो ते गुपचूप खिशात घालतो.

कागदावर हे कुठं लॅब असिस्टंट, कुठं तासिका तत्त्वावर. प्राचार्यांना ते वर्षातून दोनदा आठवतात : नॅकची कमिटी येणार असली की, आणि ऑनलाइन परीक्षेच्या आदल्या रात्री. तेव्हा फोन येतो.

"सर, नेट चालू होईना गेलंय."

"दिवा लागलाय का?"

"लाइट हाय की सर. पंखाबी फिरायलाय."

"तो दिवा नव्हं ओ. पीसीच्या मागं वाकून बघा, वायर घुसते तिथला हिरवा दिवा."

"मागं लई धूळ हाय सर."

"धुळीचं विचारलं का मी?"

सरांचं सगळं तत्त्वज्ञान या संवादात आलं. दोष खालून वर शोधायचा. आधी वायर, मग दिवा, मग कार्ड, मग ड्रायव्हर आणि सगळ्यात शेवटी आयपी. गावातला दुसरा पंथ फॉरमॅटवाल्यांचा. नेट गेलं, मारा फॉरमॅट. प्रिंटर अडकला, मारा फॉरमॅट. त्यांच्याविषयी सर एवढंच बोलतात, "वायर उंदरानं कुरतडली, अन् यानं विंडोज पुसलं. उंदीर अजून तिथंच हाय."

ही जमात इथं आपोआप उगवलेली नाही. १९८१ साली नांदेडच्या विष्णुपुरीत श्री गुरु गोबिंदसिंगजींच्या नावाची अभियांत्रिकी संस्था निघाली, १९८३ साली लातुरात बिडवे कॉलेज आलं, १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ झालं. त्यांच्यामागून कॉम्प्युटर आले, आणि अभ्यासक्रमात युनिक्स आलं. पण हिशेब, पत्रं आणि पत्ते विंडोजवर. मग एकाच डिस्कवर दोघांचा संसार मांडला गेला आणि भांडणं सोडवायला सर आले.

त्यातलं एक भांडण सरांच्या फार आवडीचं. काल संध्याकाळी कोणीतरी विंडोज वापरून मशीन बंद केलं. सकाळी लिनक्स चालू केलं, तर नेट नाही. रिअलटेकच्या काही नेटवर्क कार्डांना विंडोज जाताना झोपवून जातं आणि लिनक्सच्या ड्रायव्हरला ते उठवता येत नाही. सर मशीन बंद करतात, पॉवरची वायरच उपसतात, बटण दाबून धरतात आणि डोळे मिटून उभे राहतात. पोरांना वाटतं मंत्र म्हणताहेत. वायर पुन्हा जोडली की दिवा लागतो. खरं म्हणजे विंडोजच्या सेटिंगमधलं 'शटडाऊन वेक ऑन लॅन' चालू केलं की दुखणं कायमचं जातं. पण सर ते लगेच करत नाहीत. उद्याही कोणीतरी बोलवायला हवं.

कार्डांची त्यांना माणसांपेक्षा जास्त ओळख. रिअलटेकचं जुनं ८१३९ कार्ड स्वस्त म्हणून घरोघर आणि लॅबोलॅब पोचलं. फ्रीबीएसडीसाठी त्याचा ड्रायव्हर लिहिताना बिल पॉल या गृहस्थानं कोडातच टीप लिहून ठेवली, की हलक्या मालाची व्याख्या या कार्डानं नव्यानं केली आहे. कारण आलं-गेलं जवळजवळ प्रत्येक पॅकेट प्रोसेसरला स्वतः उचलून इकडून तिकडं ठेवावं लागे. सर ही टीप प्रत्येक बॅचला ऐकवतात, आणि मग तेच कार्ड कपाटातून काढून मायेनं फुंकतात. "हलकं असंल, पण कुठंबी चालतंय."

नावांचं प्रकरण आलं की सरांची कळी खुलते. पूर्वी लिनक्समध्ये पहिलं कार्ड 'ईथ झिरो', दुसरं 'ईथ वन', असा सोपा कारभार होता. २०१३ पासून नवी पद्धत आली आणि कार्डाचं नाव झालं 'ईएनपी थ्री एस झिरो'. पोरं घाबरली. सरांनी फळ्यावर लिहिलं : औसेकर, कंधारकर, मुखेडकर. "तिसऱ्या बसवर, शून्याच्या स्लॉटमध्ये राहतंय, म्हणून हे नाव. राहतं घर बदललं की आडनाव बदलतंय, अन् जुन्या आडनावाची सेटिंग वाया जातीय." नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि नेट गेलं, तर त्याचा खुलासा यापेक्षा सोपा कोणाला करता येणार नाही.

'नो कॅरिअर' ही अक्षरं स्क्रीनवर आली की सरांचा चेहरा उजळतो. म्हणजे कार्ड आहे, ड्रायव्हर आहे, फक्त पलीकडून कोणी बोलत नाही. दोष वायरीत, नाहीतर स्विचमध्ये. मग ते मांडी घालून बसतात, दातानं वायरीचं साल काढतात, आणि आठ तारा बोटांत ओढून सरळ करतात. पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-चॉकलेटी, चॉकलेटी. एक कट, एक दाब, कट्ट असा आवाज. "शंभरच्या स्पीडला यातल्या चारच लागतात, हजाराला आठबी लागतात. निळी तुटली तर नेट येतंय, पण शंभरावर अडकतंय. अन् पोरगं म्हणतंय, सर, आज साइट स्लो हाय."

लातूरचे सर थोडे निराळे. तिथं पॅटर्न आहे. भिंतीवर लॅमिनेट केलेला तक्ता, रविवारी टेस्ट. एलएसपीसीआय का मारायचं? कार्ड दिसतं का ते बघायला. डीमेसेज का मारायचं? ड्रायव्हरनं काय तक्रार केली ते वाचायला. विद्यार्थ्याला झोपेतून उठवलं तरी क्रम चुकत नाही. नांदेडचे सर क्रम तोच पाळतात, पण १९९१ सालच्या लिनस टोरवाल्ड्सपासून सुरुवात करतात, आणि वायरीपर्यंत येता येता दोन चहा होतात.

सरांचे विद्यार्थी आता पुण्यात हिंजवडीला आहेत. रात्री-अपरात्री एखाद्याचा फोन येतो. सर सवयीनं विचारतात, "दिवा लागलाय का?"

"सर, सर्व्हर क्लाउडवर हाय. मुंबईला. मी बघितलाबी न्हाई."

"मग मुंबईत कुणीतरी मागं वाकणारा असंलच की. त्याला फोन लाव."

सरांचं म्हणणं खोटं नाही. क्लाउड कितीही वर गेला तरी त्याची वायर कुठल्यातरी पेटीच्या मागंच घुसते, आणि तिथं वाकायला माणूस लागतो. तेव्हा वाचकहो, नेट गेलं तर फॉरमॅटवाल्याला बोलवू नका. आधी मागं वाकून हिरवा दिवा बघा. नसेल तर वायर बदलून बघा. एवढ्यानं भागलं नाही तर सरांना बोलवा, पण चहाला दूध जास्तीचं आणून ठेवा. ते आल्यावर नेट लवकर येतं, सर लवकर जात नाहीत.