गट १चे अण्णा

अण्णांची हयात केंद्र सरकारच्या आस्थापना शाखेत गेली. कोण गट अ, कोण गट ब, कुणाची बढती कुठे अडली, हे त्यांना झोपेतही सांगता येई. निवृत्तीनंतर दिल्लीतल्या मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये ते हिरमुसून बसले होते. मग त्यांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेची कर्करोगकारकांची यादी सापडली. गट १, २अ, २ब, ३! अण्णांना माहेर भेटलं.

गट १ म्हणजे राजपत्रित: तंबाखू, दारू, २०१५ पासून सॉसेज-सलामीही. मटण २अ, म्हणजे बढतीच्या उंबरठ्यावर. कॉफी २०१६मध्ये २बवरून ३मध्ये उतरली. "पंचवीस वर्षांनी बिचारीची चौकशी संपली!" अण्णांनी घरोघर सांगितलं. त्याच बैठकीत ६५ अंशांवरची पेयं २अमध्ये गेली; तेव्हापासून त्यांच्या चहाला थर्मामीटर लागतो.

गट पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती ते नव्हे. सलामी आणि सिगारेट एका मापाच्या नाहीत, हे मी एकदा सांगून पाहिलं. "पगार वेगळा असेल, गट तोच ना!" म्हणाले. यावर काय बोलणार? बरोबरच होतं.

२०२४मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धूंनी पत्नीच्या कर्करोगावरच्या विजयाचं श्रेय हळद-कडुलिंबाच्या आहाराला दिलं, तेव्हा अण्णांनीही कडुलिंब चावायला घेतला. मग टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ डॉक्टरांनी पत्रक काढलं: असल्या उपायांपायी उपचार लांबवू नका. मजकुरापेक्षा आकड्यानं अण्णा हादरले. एका कागदावर २६२ सह्या! कडुलिंब तत्काळ निलंबित.

चालण्यानं आतड्याच्या कर्करोगाचा धोका घटतो, म्हणून ऐन नोव्हेंबरातही अण्णा पहाटे संजय झीलला निघतात. एक्यूआय चारशेपार.

"अण्णा, २०१३पासून बाहेरची प्रदूषित हवाही गट १मध्ये आहे."

"ती पंजाब-हरियाणातून प्रतिनियुक्तीवर आलीय. फेब्रुवारीत मूळ खात्यात परत जाईल."

"आणि इथल्या गाड्यांचा धूर?"

"तो स्थानिक आस्थापनेवरचा. आपल्या अखत्यारीत नाही."

जेवण झालं की मात्र अडकित्ता निघतो. परवा काकूंनी अखेर विषय काढलाच. "अहो, तंबाखू नसली तरी सुपारी २००४पासून गट १मध्ये आहे म्हणे."

"सुपारी पूजेची असते."

"देव ती चावत नाहीत."

अण्णांनी खांड तोंडात टाकलं. "ही नेमणूक अनुकंपा तत्त्वावरची आहे. वडिलांच्या पश्चात अडकित्ता माझ्याकडे आला."