खदानीला फुटले पाय

मुरमाच्या खदानीला पाय फुटलेले पाहायचे असतील, तर भातकुलीकडच्या एखाद्या मोठ्या कामाचा लीड चार्ट काढावा. लीड म्हणजे माल जितका लांबून आणला तितक्या अंतराचे पैसे.

लीडबद्दल तक्रार नाही. पूर्णेचा खारपाणपट्टा, खाली खोल काळी माती. मुरूम-गिट्टी बाहेरूनच येणार. इथलं खारं पाणी काँक्रीटमध्ये घातलं तर सळई गंजते, म्हणून गोड्या पाण्याचा टँकर, आणि त्यालाही लीड. सगळं रास्त.

फक्त खदान एका जागी थांबत नाही. अंदाजपत्रकात ती 18 किलोमीटरवर असते. पहिल्या बिलापर्यंत जवळची खदान 'संपते' आणि ती 30 वर जाते. काम रेंगाळलं की 45. डंपर मात्र तोच, रस्ता तोच, आणि ड्रायव्हर चहाला थांबतो तो त्याच टपरीवर, त्याच वेळेला. टपरीवाल्याला सगळं ठाऊक आहे, पण मोजमाप पुस्तिकेत टपरीचा रकाना नाही. मग मुरमाचं परिमाणही फुगतं. निविदेतल्या आकड्यापेक्षा 25 टक्क्यांच्या वर गेलं की बी-1 निविदेतलं कलम 38 जागं होतं आणि वरच्या कामाला नवा दर लागतो. त्यातही जे मावत नाही ते जादा बाब म्हणून बसतं, आणि तेही पुरलं नाही की सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. 2009 साली सात महिन्यांत विदर्भातल्या 38 सिंचन प्रकल्पांच्या किमती 6,672 कोटींवरून 26,722 कोटींवर गेल्या. चौपट! सात महिन्यांत कापूस कधी चौपट झाला? चार रुपये चढला तरी गिरण्या ओरडतात, आयातीच्या गोष्टी सुरू होतात. सिमेंटच्या पोत्याला तेवढी महागाई लागते, पऱ्हाटीला लागत नाही.

त्याच तालुक्यात घरकुलवाला आहे. केंद्राच्या योजनेत 2016 ला ठरलेले 1 लाख 20 हजार वर्षानुवर्षं तेवढेच राहिले. मुरूम त्यालाही लागतो, त्याच खदानीतला, त्याच डंपरचा. पायाचा फोटो चढल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. मोठ्या कंत्राटदाराला यंत्रं जागेवर आणायलाच आगाऊ रक्कम मिळू शकते.

असा एक म्हातारा लीड मागायला गेलाच.

"साहेब, मुरूम लय दुरून येते. मले काऊन नाही देत?"

"बाबा, घरकुलाले लीड बसत नाही. पायाचा फोटो आना."