उंटावरून शेळ्या

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला विषय कमी पडले, असे कधी झालेले नाही. कमी पडतात ते दिवस. 1953 च्या नागपूर करारात वर्षातले एक तरी अधिवेशन तिकडे घ्यायचे ठरले. ते प्रत्यक्षात किती लांबवायचे, हे पुढे येणाऱ्यांच्या मनाच्या मोठेपणावर सोडले गेले. 2025 साली हा मोठेपणा 8 ते 14 डिसेंबर असा सात दिवसांचा भरला, तोही शनिवार-रविवार धरून. आदल्या वर्षी तो सहाच दिवसांचा होता. त्या सहा दिवसांत, अधिवेशनाच्या आदल्याच दिवशी शपथ घेतलेले 39 मंत्री बाकांवर बसले होते आणि एकाकडेही खाते नव्हते. खातेवाटप जाहीर झाले ते अधिवेशन आटोपल्यावर, 21 डिसेंबरच्या रात्री. ‘हा विषय माझ्या खात्याचा नाही’ असे त्या आठवड्यात कोणीही म्हटले असते तरी ते खरे ठरले असते.

2025 मध्ये खाती होती, मंत्री होते. नव्हता तो विरोधी पक्षनेता, आणि तो दोन्ही सभागृहांत नव्हता. विधानसभेत विरोधकांतल्या तीन मोठ्या पक्षांचे निवडून आलेले बळ 20, 16 आणि 10. त्या पदासाठी 288 च्या दहा टक्के म्हणजे 29 आमदार हवेत, असे सत्ताधारी सांगतात. तो नियम नाही, नुसता संकेत आहे, असे विरोधक सांगतात. गंमत म्हणजे सभागृहाची गणसंख्याही 29 च आहे. विधानसभा चालवायला जेवढी डोकी पुरतात, तेवढी एका विरोधी पक्षाकडे नाहीत. आणि जेवणाच्या सुट्टीनंतर समोरच्या भरगच्च बाजूला तरी तेवढी असतात का, हे पत्रकार कक्षातून मोजून पाहण्यासारखे असते. आम्ही मोजत नाही. कोणी मोठ्याने मोजलेच तर घंटा वाजवावी लागते आणि माणसे उपाहारगृहातून अर्ध्या घासावर उठून येतात. थंडीच्या दिवसांत कोणाचे ताट मोडण्याचे पाप कशाला?

अधिवेशनाची खरी हजेरी सकाळी पायऱ्यांवर लागते. सभागृहात बोलायला वेळ मागावा लागतो, पायऱ्यांवर तो आपला आपण घेता येतो. कोणाच्या गळ्यात कांद्याची माळ, कोणाच्या हातात गाजर, कोणाच्या डोक्यावर कापसाचे बोंड. छायाचित्रकार ‘साहेब, इकडे’ म्हणाला की घोषणा पुन्हा पहिल्यापासून. या मांडवाखालून आजवर बरेच काही गेले होते, पण बिबट्या गेला नव्हता. ती उणीव 2025 च्या अधिवेशनात जुन्नरचे आमदार शरद सोनवणे यांनी भरून काढली. ते बिबट्याचा वेश करून विधान भवनात आले. राज्यातला हा बहुधा एकमेव बिबट्या, ज्याला बघून लोक पळाले नाहीत, मोबाइल काढून जवळ गेले.

हसण्यावारी नेण्याचा हा विषय नव्हे, आणि आमदारांनाही तो हसण्यावारी न्यायचा नव्हता. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात वीसेक दिवसांत बिबट्याने तीन जीव घेतले, त्यांत लहान मुले होती. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला. शेतात जाणाऱ्या बायाबापड्यांनी मानेभोवती खिळे ठोकलेले पट्टे बांधले. गावाकडे असा पट्टा पूर्वी धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात दिसायचा. तो माणसाच्या गळ्यात आला, हे कुठल्याही तारांकित प्रश्नात नीट मावणारे नाही. तेव्हा एखाद्या आमदाराला अंगावर ठिपके चढवावेसे वाटले तर दोष त्याचा किती आणि साध्या शर्टात बोललेले ऐकूच न येणाऱ्या सभागृहाचा किती, हे ठरवणे अवघड आहे.

विषय सभागृहात आला आणि वनमंत्री गणेश नाईक उत्तराला उभे राहिले. पिंजरे, नसबंदी, निवारा केंद्रे असे उपाय चर्चेत होतेच. परंतु लक्षात राहिले ते गणित. बिबट्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर सरकार वारसांना 25 लाख देते. चार माणसे गेली की झाले एक कोटी. मग माणसे गेल्यावर एक कोटी देण्यापेक्षा तेवढ्याच रकमेच्या शेळ्या आधीच जंगलात सोडाव्यात, म्हणजे बिबट्या वस्तीकडे येणार नाही, असे आपण अधिकाऱ्यांना सांगितल्याचे मंत्रिमहोदयांनी सांगितले.

गणित चोख आहे, त्यात खोट काढता येत नाही. शेळी दहा हजारांना धरली तर एका कोटीत हजार येतात. ज्या अधिवेशनात 75 हजार कोटींहून जास्त रकमेच्या पुरवणी मागण्या आल्या, तिथे एक कोटी म्हणजे जमेस धरण्याजोगेही नव्हेत. प्रश्न एवढाच आहे की बिबट्याला हे गणित कोणी समजावायचे.

कारण बिबट्या जंगलात नाही. तो उसात आहे. माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे अशी कुकडी प्रकल्पाची पाच धरणे झाली, कालवे फिरले, जुन्नर-आंबेगाव-शिरूरच्या कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला. वर्षभर उभे असणारे, आत पाणी असणारे, माणूस तोडणीपर्यंत ज्यात शिरत नाही असे पीक बिबट्याच्या मादीला मिळाले आणि तिने तिथेच संसार थाटला. उसात जन्मलेल्या पिल्लाने जंगल पाहिलेले नसते. तोडणी सुरू झाली की त्याचे घर जाते, मग पिल्लू शेजारच्या फडात जाते. म्हणजे सरकारी शेळ्या जंगलात आणि बिबट्या फडात. दोघांची गाठ घालून द्यायची तर बिबट्याला आधी जंगलाचा पत्ता द्यावा लागेल, नाहीतर शेळ्यांना उसाचा. दुसरा मार्ग सोपा आहे. तो गावातल्या शेळ्यांनी केव्हाच स्वीकारला आहे, सरकारी मदतीशिवाय.

त्या संध्याकाळी आम्ही मनातल्या मनात एक तारांकित प्रश्न दाखल केला. सदस्याच्या जागी शेळीचे नाव घातले. तो असा:

जंगलात सोडावयाच्या शेळ्यांबाबत. (1) बिबटे वस्तीत येऊ नयेत म्हणून शेळ्या जंगलात सोडण्याबाबत निर्देश देण्यात आले आहेत, हे खरे आहे काय? (2) असल्यास, शेळीने बिबट्याकडे जावयाचे आहे की बिबट्याने शेळीकडे यावयाचे आहे, याची कार्यपद्धती निश्चित केली आहे काय? (3) दगावलेल्या शेळीच्या वारसांना सानुग्रह अनुदान देय आहे काय? (4) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

उत्तरही आम्हीच लिहिले, कारण इतकी वर्षे वाचून वाचून ते पाठ झाले आहे. (1) हे अंशतः खरे आहे. (2) कार्यपद्धती ठरविण्यासाठी समिती गठित करण्याची बाब शासनाच्या विचाराधीन आहे. (3) शेळी ही उपाययोजना असल्याने तिला बाधित म्हणता येणार नाही. (4) प्रश्न उद्भवत नाही.

यावर उपप्रश्न आले असते. अधिकारी दीर्घेतून चिठ्ठी आली असती, मंत्र्यांनी ती चष्मा वर-खाली करून वाचली असती आणि शासन सकारात्मक आहे, असे सांगितले असते. शेळीने ‘अध्यक्ष महोदय, स्पेसिफिक उत्तर पाहिजे’ असा हट्ट धरला असता तर अधिवेशन संपण्यापूर्वी माझ्या दालनात बैठक लावतो, तीत सन्माननीय सदस्यांनाही बोलावतो, असे आश्वासन मिळाले असते. दालनातल्या बैठकीला गेलेली शेळी परत आली तर बातमी होते. दरम्यान तालिकेवरच्या अध्यक्षांनी पुढची लक्षवेधी पुकारलेली असते, तिचे मूळ मालक सदस्य जागेवर नसतात, ती राखून ठेवली जाते आणि एखादे विधेयक समोर येते. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे, होयचे बहुमत, होयचे बहुमत, मंजूर. एवढा वेळ बिबट्यालाही झडप घालायला पुरत नाही.

याच शहरात, याच महिन्यात, 2013 साली जादूटोणाविरोधी विधेयक दोन्ही सभागृहांनी मंजूर केले होते. रोजगार हमीचा कायदाही याच विधिमंडळाने केला आणि त्यामागे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे होते. म्हणजे हे घर मनात आणले तर पोटापाण्याचे बोलू शकते. ज्यांना ‘पूर्वी सगळे चांगले होते’ म्हणायची खोड आहे त्यांच्यात आम्ही नाही. आरडाओरडा तेव्हाही होता. फक्त तेव्हा ओरडा कायद्यावर व्हायचा आणि शेळ्या बाहेर चरायच्या.

आता चरण्याचा विषय निघालाच आहे तर वन खात्याकडे तोंड वळवून घेऊ. ज्या जंगलात हे खाते हजार शेळ्या सन्मानाने सोडणार, त्याच जंगलात धनगराची शेळी शिरली की गुन्हा होतो. वनक्षेत्रातल्या चराईवर निर्बंध आहेत. मेंढपाळ वर्षानुवर्षे कुरणे मागत मोर्चे काढतात. नागपूरच्या रस्त्यावर, पोलिसांच्या बांबूंमागे, दिवसभर उन्हात बसून संध्याकाळी शिष्टमंडळाची भेट मिळवतात आणि एसटीने घरी जातात. चरायला आलेली शेळी जंगलाचा नाश करते, मरायला आलेली शेळी जंगलाचे रक्षण करते, असा वन खात्याचा एकूण अभ्यास दिसतो. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, ही म्हण आपण ऐकली होती; इथे खाणाऱ्याला ताटापर्यंत आणायची जबाबदारीही शेळीचीच.

शिवाय खरेदी आलीच. एक कोटीच्या शेळ्या म्हणजे निविदा, निविदा म्हणजे पुरवठादार, पुरवठादार म्हणजे कोणाचा तरी मेहुणा. सरकारी झाडे लावली जातात तेव्हा निदान खड्डे तरी मोजता येतात. जंगलात सोडलेली शेळी मोजायला कोण जाणार? नोंदवहीत ‘बिबट्याने खाल्ली’ असा शेरा मारला की लेखापरीक्षकाचे तोंड बंद. न सोडलेल्या शेळ्याही बिबट्या तितक्याच आवडीने खाईल, आणि ढेकरही देणार नाही.

जुन्नर-शिरूरच्या शेतकऱ्याने मात्र शेळ्या मागितल्याच नव्हत्या. त्याचे मागणे जुने आणि नीरस आहे: शेतीला वीज दिवसा द्या. थ्री-फेज अनेकदा रात्री येते, म्हणून तो रात्री बॅटरी घेऊन पाणी भरायला उसात उतरतो, आणि बिबट्याही रात्रीच उसातून निघतो. दोघांच्या वेळा जुळल्या आहेत त्या महावितरणच्या वेळापत्रकाने. या मागणीला वेश करता येत नाही, तिचे छायाचित्र निघत नाही, तिच्यात शेळी-बिबट्या नाही. म्हणून ती पुढच्या अधिवेशनापर्यंत आश्वासन समितीकडे सुखाने राहू शकते.

तोवर शेळीपालकांना एकच विनंती. मंत्र्यांचे भाषण ऐकून आपली शेळी रानात घालू नका. खरेदीचा शासन निर्णय निघायला वेळ लागेल. वनरक्षकाची दंडाची पावती त्याच दिवशी मिळते.