पॅरासिटामॉलचे चार तास

तापाने फणफणलेलं मूल घरात असलं की ऑफिसचं काम चांगलं होतं. ऐकायला निर्दय वाटेल, पण घरून काम करणाऱ्या कुठल्याही आईबापाला खाजगीत विचारून बघा. १०२ ताप असतो तेव्हा पोरगी गोधडीत मुटकुळं करून पडलेली असते. आपला जीव खालीवर होत असतो आणि त्या धास्तीत माणूस तुंबलेल्या ईमेलांचा फडशा पाडतो. खरी पंचाईत औषध लागू पडल्यावर होते. पॅरासिटामॉल पोटात गेलं की अर्ध्या-पाऊण तासात ताप उतरायला लागतो आणि पुढचे चारेक तास कन्यारत्न सोफ्याच्या पाठीवरून चालतं. पुढचा डोस सहा तासांनी. म्हणजे औषधाचा असर ओसरल्यावर जे दोन तास उरतात, त्यात मी मीटिंगा बसवतो. मुलगी खेळायला लागली की मी हवालदिल आणि मलूल झाली की कामसू. बापाला हे शोभत नाही, पण मीटिंगा लावणारे बापाला विचारून लावत नाहीत.

यंदा पावसाळ्यात तिने शाळेतून हँड-फूट-माउथ आणला. बालवाडीतली मुलं खाऊ वाटून घेताना भांडतात, विषाणू मात्र सढळ हाताने देतात. यातल्या मुख्य विषाणूंच्या घराण्याला कॉक्सॅकी म्हणतात. न्यूयॉर्क राज्यात या नावाचं एक गाव आहे. १९४८ साली तिथल्या मुलांच्या नमुन्यांत हा विषाणू सापडला आणि गावाचं नाव त्याला कायमचं चिकटलं. एखादं गाव पेढ्यांमुळे प्रसिद्ध होतं, एखादं फोडांमुळे.

हे फोड हाताच्या आणि पायांच्या तळव्यांवर येतात आणि तोंडातही येतात. तोंडातले सगळ्यात वाईट, कारण पाणी गिळतानाही पोरगी कळवळते. बायको बँकेत, तिच्या शाखेत ऑडिट. “तू आहेसच घरी,” एवढं म्हणून ती पर्स घेऊन निघाली. ऑफिसच्या लेखी मी कामावर असतो, घराच्या लेखी मी घरी असतो, आणि वाईट म्हणजे दोघांचंही बरोबर असतं.

कराडजवळच्या गावी फोन लावला. अण्णांनी रोगाची लक्षणं नीट ऐकून घेतली.

“लाळ्या-खुरकूत! आरं, पण तुझ्या फ्लॅटात जनावरं कुठनं आली?”

मी समजावलं की अण्णा, तो रोग वेगळा, विषाणू वेगळा. जनावरांचा माणसाच्या पोरांना होत नाही.

“मग लस टोचली न्हवती का? आपल्या गाईला वर्षातनं दोनदा टोचत्यात.”

ते खरंच होतं. गाईला सहा महिन्यांनी सरकारी लस आहे. नातीच्या रोगावर आपल्याकडे लस नाही आणि खास औषधही नाही. बहुतेक मुलं आठ-दहा दिवसांत आपली आपण बरी होतात, तोवर ताप सांभाळायचा आणि अंगातलं पाणी कमी होऊ द्यायचं नाही.

“गाईचं बरं हाय मग,” म्हणत अण्णांनी फोन आईकडे दिला.

आईने आधी कोलनवॉटरच्या पट्ट्या सांगितल्या आणि मग व्हिडिओ कॉल लावायला लावला. फोन अण्णांच्या हातात देऊन तिने मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या पडद्यावरच्या नातीवरून ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या.

“ठसका आला का रं?”

“नाही.”

“बघ! म्हंजी नजर लागलीच हुती.”

दीडशे किलोमीटरवरून पुण्यात ठसका यायचा कसा, हे मी विचारलं नाही, कारण मला दुसऱ्या कानात प्रकल्पाच्या प्रगतीबद्दल विचारत होते.

सोसायटीच्या ग्रुपवर तोवर ‘टोमॅटो फ्लू’ असं निदान झालेलं होतं. हे नाव २०२२ मध्ये केरळातल्या कोल्लमच्या साथीमुळे सगळीकडे पोचलं. फोड टोमॅटोसारखे लाल म्हणून नाव पडलं, टोमॅटोचा त्यात काही हात नाही. तरी बी विंगमधल्या काकांनी कोशिंबीर बंद केल्याचं जाहीर केलं आणि त्याला नऊ अंगठे मिळाले.

औषध पाजणं हा स्वतंत्र विषय आहे. डोस वजनावर ठरतो, एका किलोला साधारण १५ मिलिग्रॅम. बाटल्या कमी-जास्त ताकदीच्या असतात, त्यामुळे लेबल वाचल्याशिवाय थेंबही ओतायचा नाही. मापाच्या झाकणावरच्या रेषा त्याच प्लॅस्टिकच्या, त्याच रंगाच्या. झाकण ट्यूबलाइटसमोर धरून, एक डोळा मिटून, साडेचारची रेषा शोधायची. स्ट्रॉबेरीच्या वासाचं ते गुलाबी औषध आधी तिच्या तोंडात जातं, मग गालात थांबतं, मग कीबोर्डवर येतं. माझ्या लॅपटॉपचं एंटरचं बटण अजून चिकटतं आणि एका ओळीच्या जागी तीन सोडतं.

डॉक्टर म्हणाले, गार द्या, घशाला बरं वाटेल. आईस्क्रीमही चालेल. हे मी आईला कळवलं, तेव्हा डॉक्टर कुठल्या कॉलेजातून शिकलेत याची चौकशी झाली. कन्येने मात्र या वैद्यकशास्त्रावर तत्काळ श्रद्धा ठेवली. त्याच दुपारी श्टुटगार्टच्या ग्राहकाबरोबर कॉल चालू असताना ती मांडीवर चढली, कॅमेऱ्यासमोर पूर्ण आ केला आणि “फोड बघ, आता आईस्क्रीम दे,” असा अर्ज जर्मनीपर्यंत पोचवला.

श्टुटगार्टचे साहेब पुढे झुकून बघत राहिले. मग म्हणाले, हा तर हँड-फूट-माउथ, माझ्या मुलाच्या बालवाडीतही आहे. आणि मग त्यांनी अगदी भाबडेपणाने विचारलं, की मुलगी आजारी असताना तुम्ही काम का करताय? त्यांच्याकडे सरकारी आरोग्य विम्यातल्या प्रत्येक पालकाला मूल आजारी पडलं की पगाराऐवजी विम्याचे पैसे घेऊन घरी बसता येतं. २०२४ आणि २०२५ मध्ये दर मुलामागे वर्षाला १५ दिवस. कॉलवर शांतता पसरली. आमच्या मॅनेजरांचं नेटवर्क नेमकं त्याच क्षणी गेलं.

आपल्याकडे अशी रजा अजिबात नाही असं नाही. केंद्र सरकारी नोकरीत बालसंगोपन रजा आहे, साऱ्या नोकरीत मिळून ७३० दिवस, महिलांना आणि मूल एकट्याने वाढवणाऱ्या पुरुषांना. म्हणजे मला ती मिळवायची तर आधी केंद्र सरकारात नोकरी आणि मग पत्नीवियोग. बायकोला रात्री हा क्रम सांगितला. “पहिलं जमतंय का ते बघ,” ती म्हणाली, “दुसऱ्याचं नंतर बोलू.”

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांचा स्वतःहून फोन. अरे, सांगायचं नाही का, खुशाल रजा टाक, फॅमिली फर्स्ट. मी पोर्टल उघडलं. कारणांच्या यादीत स्वतःचा आजार होता, स्वतःचं लग्न होतं, घर बदलणं होतं. पोरीचा ताप नव्हता. ‘इतर’ निवडून अर्ज पाठवला. पाच मिनिटांत मंजूर झाला, आणि त्याच्या पाठोपाठ चारच्या कॉलचं निमंत्रण आलं. खाली टीप होती: सुट्टीवर आहेस, कॅमेरा बंद ठेवलास तरी चालेल.