हाताचा बाजारभाव

उरुग्वेच्या लुईस सुआरेझला जग चोर म्हणतं, आणि हा त्याच्यावर सरळसरळ अन्याय आहे. प्रसंग सगळ्यांना पाठ आहे, तरी नोंद असू द्यावी. २ जुलै २०१०, जोहान्सबर्गचं सॉकर सिटी स्टेडियम, विश्वचषकाची उपान्त्यपूर्व फेरी, घाना विरुद्ध उरुग्वे. मध्यंतराला काही सेकंद उरलेले असताना घानाच्या मुंतारीने लांबून हाणलेला गोल, दुसऱ्या सत्रात उरुग्वेच्या फोर्लानने फ्री किकवर साधलेली बरोबरी, मग अतिरिक्त वेळ, आणि त्याही वेळेचं शेवटचं मिनिट. घानाची फ्री किक उरुग्वेच्या गोलसमोर येते. अपियाचा फटका गोलरेषेवर उभ्या असलेल्या सुआरेझच्या पायाला लागून परततो. परतलेला चेंडू अदिया डोक्याने पुन्हा गोलकडे धाडतो. गोलरक्षक मुस्लेरा जागेवर नाही. आफ्रिकेत भरलेल्या पहिल्याच विश्वचषकात आफ्रिकेचा पहिला संघ उपांत्य फेरीत जाणार, हे स्टेडियममधल्या ८४ हजार माणसांना दिसतं आहे. आणि आघाडीवीर म्हणून खेळणारा सुआरेझ दोन्ही हात वर करून तो चेंडू बाहेर ढकलतो. लाल कार्ड. पेनल्टी. सुआरेझ डोळे पुसत बाहेर चालू लागतो. असामोआ ग्यानचा फटका आडव्या खांबावर आदळून वर उडतो, आणि बोगद्याच्या तोंडाशी रेंगाळलेला तोच सुआरेझ आनंदाने उड्या मारतो. पुढे शूटआऊटमध्ये उरुग्वे ४-२ असं जिंकलं. अब्रेउने शेवटचा चेंडू गोलरक्षकाला उताणं पाडून वरून अलगद सोडला, म्हणजे मीठ चोळायचंही राहिलं नाही.

यात चोरी कुठे आहे? चोर लपवतो. १९८६ साली अझ्टेक स्टेडियममध्ये इंग्लंडविरुद्ध मॅराडोनाने हाताने गोल केला तो पंचाच्या नजरेआड, आणि वर देवाचं नाव घेतलं. २००९ च्या नोव्हेंबरात पॅरिसमध्ये थिअरी हेन्रीने हाताने चेंडू अडवून आयर्लंडची विश्वचषकाची वाट बंद केली, तेही पंचाला दिसलं नाही. पुढे उघड झालं की फिफाने आयरिश महासंघाला ५० लाख युरो देऊन कोर्टकचेरी टाळली. म्हणजे हातसफाई आयर्लंडच्या वाट्याची, आणि बिल फिफाच्या तिजोरीतून. या दोघांच्या शेजारी सुआरेझला बसवणं हा त्याचा अपमान आहे. त्याने जे केलं ते पंचासमोर, कॅमेऱ्यांसमोर, दिवसाढवळ्या नसलं तरी प्रकाशझोतात केलं. नियमात लिहिलेली किंमत काउंटरवर ठेवली, पावती घेतली आणि माल घरी नेला. तो ग्राहक होता. तक्रार करायची तर दुकानाची करा, इतक्या भारी मालावर इतका स्वस्त भाव कोणी लावला ते विचारा.

भाव किती स्वस्त होता, याचा हिशोब साधा आहे. हात न लावता सुआरेझ उभा राहिला असता तर उरुग्वे त्याच क्षणी स्पर्धेबाहेर होतं, जगण्याची शक्यता शून्य. हात लावला की पेनल्टी. पेनल्टी साधारण चारांतल्या तीन आत जातात, म्हणजे एक चुकते. ती चुकली की शूटआऊट, आणि तिथे निम्मी संधी गृहीत धरू. शून्याच्या जागी आठातली एक. बदल्यात काय दिलं? एक लाल कार्ड. सामन्यात काही सेकंद उरलेले असताना लाल कार्ड म्हणजे खेळाडूला अंघोळीला थोडं आधी पाठवणं. कोणी म्हणेल की शूटआऊटमध्ये तरी उरुग्वेला तो फटके मारायला मिळाला नाही. खरं आहे. पण शूटआऊटआधी ज्या संघाचे खेळाडू जास्त असतील त्याने आपलेही तेवढेच कमी करायचे, असा नियम आहे. म्हणजे सुआरेझ गेला म्हणून फटके मारणाऱ्यांच्या यादीतून घानालाही आपला एक माणूस वगळावा लागला. गुन्हा करणाऱ्याच्या घरात एक माणूस कमी झाला, तर फिर्यादीच्या घरातलाही एक कमी करून समतोल राखायचा, असं हे न्यायशास्त्र आहे.

राहिली पुढच्या सामन्याची बंदी. सुआरेझचे टीकाकार इथे समाधानाने मान डोलावतात: भोगलं की त्याने, उपांत्य सामन्याला मुकला, आणि केप टाउनला उरुग्वे नेदरलँड्सकडून ३-२ असं हरलं. हा युक्तिवाद दोनदा वाचावा. नुकसान झालं घानाचं आणि भरपाई मिळाली नेदरलँड्सला. जोहान्सबर्गच्या त्या संध्याकाळशी डचांचा काय संबंध? ते दुसऱ्या शहरात ब्राझीलला हरवून मोकळे झाले होते. आधी बेकायदा मजला चढवायचा आणि मग दंड भरून तो नियमित करून घ्यायचा, ही रीत आपल्याकडे कोणाला समजावून सांगावी लागत नाही, पण त्या व्यवहारात निदान दंड पालिकेच्या तिजोरीत तरी जातो. फिफाने त्यापुढची पायरी गाठली: ज्याच्या डोक्यावर मजला चढला त्याला काहीच नाही, आणि तीन गल्ल्या पलीकडच्या माणसाला मोफत हवा-उजेड.

एवढ्यावर कोणाचं मन वळत नसेल तर त्याच विश्वचषकातला, त्याच घानाचा आणखी एक सामना पाहावा. १९ जून, रस्टेनबर्ग, प्रतिस्पर्धी ऑस्ट्रेलिया. चोविसाव्या मिनिटाला गोलरेषेवर उभ्या असलेल्या हॅरी क्युएलच्या दंडावर चेंडू आदळला. त्याने हात पुढे केला नव्हता, हात होता तिथे चेंडू आला, असं त्याचं म्हणणं, आणि चित्रफीत पाहून अनेकांना ते पटलंही. शिक्षा? लाल कार्ड आणि पेनल्टी. फटका मारायला आला ग्यान, आणि त्याने गोल केला. ऑस्ट्रेलिया तासाहून अधिक काळ दहा जणांनिशी खेळली. सामना १-१ सुटला. आता दोन खाती शेजारी मांडा. ज्याच्या अंगावर चेंडू येऊन पडला त्याच्या संघाने तासभर किंमत मोजली, ज्याने दोन्ही हातांनी चेंडू ढकलला त्याच्या संघाने काही सेकंद. कलम एकच, गोलरेषाही तशीच, फटका मारणाराही एकच. फरक घड्याळाचा. थोडक्यात, नियम असा आहे की गुन्हा जितका उशिरा आणि जितका निर्णायक, तितकी शिक्षा हलकी. बाद फेरीच्या शेवटच्या मिनिटाला, जिथे एका गोलची किंमत सर्वांत जास्त, तिथे तो अडवण्याचा भाव सर्वांत कमी. मालाच्या भावात अशी उलटी घसरण दुसऱ्या कुठल्या बाजारात असेल तर कळवावं.

हा नियम करणारे अडाणी होते असं नाही. उलट या दुखण्याचं औषध फुटबॉलला फार लवकर सापडलं होतं आणि त्याने ते थुंकून टाकलं. १८८२ साली तरतूद आली होती की हाताने गोल अडवला तर तो गोल झालाच असं मानून देऊन टाकायचा. ती एक हंगाम टिकली आणि रद्द झाली. मग १८९१ च्या एफए कपमध्ये, तीही उपान्त्यपूर्व फेरीच, नॉट्स काउंटीच्या बचावपटूने स्टोकचा गोल रेषेवर हाताने अडवला. त्या वेळी शिक्षा म्हणून जागेवरच फ्री किक मिळे. ती गोलरेषेपासून काही इंचांवर ठेवली गेली, गोलरक्षक चेंडूपुढे जाऊन उभा ठाकला आणि ती वाया गेली. काउंटी १-० असं जिंकून पुढे गेली. त्याच वर्षी पेनल्टी आली. आयर्लंडच्या विल्यम मॅक्रम या गोलरक्षकाची ती सूचना आधी हसण्यावारी नेली गेली होती. सभ्य गृहस्थ मुद्दाम नियम मोडतील हे गृहीत धरणंच त्या काळच्या इंग्रज हौशी खेळाडूंना अपमानास्पद वाटे. या सभ्य गृहस्थांचं एक बरं असतं: नियम मोडला जाणारच नाही असं ते मानतात, त्यामुळे मोडल्यावर काय करायचं याचा विचार त्यांना करावा लागत नाही. तेव्हापासून फुटबॉल या प्रश्नाभोवती फिरतो आहे. फ्री किकची पेनल्टी झाली, पेनल्टीला लाल कार्ड जोडलं, लाल कार्डाला बंदी जोडली. गोल सोडून सगळं दिलं.

गोलच देऊन टाकावा, यावर आक्षेप बरेच येतात. सगळ्यांत लोकप्रिय सुआरेझचाच आहे. २०२२ मध्ये घानाशी पुन्हा गाठ पडण्याआधी त्याला माफीबद्दल विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं की पेनल्टी घानाच्या खेळाडूने चुकवली, मी नव्हे. तर्क बिनतोड आहे आणि म्हणूनच तो नियमाविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा आहे. घानाने गोल एकदा कमावला होता. नियमाने त्यांना तोच गोल पुन्हा कमवायला लावला, आणि दुसऱ्यांदा जमलं नाही म्हणून दोषही त्यांनाच. त्याच स्पर्धेत ग्यानने सर्बिया आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध पेनल्टीवर गोल केले होते. तिसरा खांबाला लागला आणि तो आयुष्यभराचा अपराधी झाला. विशेष म्हणजे काही मिनिटांनी शूटआऊटमध्ये घानाचा पहिला फटका मारायलाही तोच पुढे आला आणि त्याने गोल केला. ती हिंमत कोणाच्या आठवणीत नाही. दुसरा आक्षेप, ही तर सहजप्रवृत्ती, कोणीही हात घातला असता. मान्य. शेजारी उभा असलेला सहकारी फुसिले यानेही हात वर केलाच होता, फक्त चेंडू त्याच्यापर्यंत पोचला नाही. पण जे कोणीही करेल ते रोखायलाच तर नियम असतात. उरुग्वेचे पाठीराखे म्हणतात की मुळात ती फ्री किकच चुकीची होती. असेलही, पण एका चुकीच्या निर्णयाची दुरुस्ती बचावपटूंच्या हातावर सोपवली तर पंचांना घरी पाठवावं लागेल.

खरा वजनदार आक्षेप वेगळा आहे. चेंडू रेषेपार गेलाच नाही, तर गोल झाला असता हे पंचाने ठरवायचं कसं? मैदानावर घडलेल्या गोष्टींचा निवाडा पंच करतो, न घडलेल्यांचा नव्हे. ऐकायला हे शास्त्रशुद्ध वाटतं. पण सुआरेझला लाल कार्ड कशासाठी दाखवलं? निश्चित गोल हिरावला म्हणून. म्हणजे गोल झाला असता हे पंचाने ठरवलंच होतं. त्या निष्कर्षावर खेळाडूला हाकलता येतं, पण गोल देता येत नाही, ही कसली सावधगिरी? रग्बीत बेकायदा कृतीने हुकलेला ट्राय पंच देऊन टाकतो. बास्केटबॉलमध्ये रिंगकडे उतरणारा चेंडू अडवला तर बास्केट मोजली जाते. त्या खेळांचं आकाश कोसळलेलं नाही. शंका असेल तिथे पेनल्टी ठेवावी. प्रश्न फक्त गोलरेषेवरच्या, उघड्या गोलसमोरच्या हातांचा आहे, आणि असे प्रसंग इतके थोडे असतात की त्यांच्यासाठी वेगळं कलम लिहायला पाव कागद पुरेल.

फिफाला बदल जमत नाही असंही नाही. घाना-उरुग्वे सामन्याच्या पाच दिवस आधी ब्लोमफाँटेनला इंग्लंडच्या लँपार्डचा फटका जर्मनीच्या रेषेपार चांगला आत पडून बाहेर आला आणि पंचांना दिसला नाही. इंग्लंड ४-१ असं हरलं, तरी फिफाचे तेव्हाचे अध्यक्ष ब्लाटर यांनी माफी मागितली, दोन वर्षांत गोलरेषेच्या तंत्रज्ञानाला मंजुरी मिळाली, २०१४ च्या विश्वचषकात ते आलंही. रेषेपार गेलेला चेंडू मोजण्यासाठी कॅमेरे, संगणक, पंचाच्या मनगटावर घड्याळ. रेषेपार जाऊ न दिलेल्या चेंडूसाठी मात्र काही नाही. इंग्लंडचं दुःख आणि घानाचं दुःख यांच्यात तांत्रिक फरक आहे, असं इथे म्हणून पुढे जाऊ. नियम ठरवणाऱ्या मंडळात आठ मतं आहेत. चार फिफाची, आणि इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड यांचं प्रत्येकी एक. याच मंडळाने २०१७ मध्ये चर्चेसाठी एक टिपण काढलं आणि त्यात रेषेवर हाताने अडवलेला गोल थेट देण्याची कल्पना मांडली. चर्चा अर्थातच चांगली झाली असणार.

शिक्षेचं तारतम्य फिफाला कळतं, हेही सुआरेझनेच सिद्ध करून दिलं. २०१४ मध्ये त्याने इटलीच्या किएलिनीला खांद्यावर चावा घेतला, तेव्हा नऊ आंतरराष्ट्रीय सामने आणि चार महिने फुटबॉलबंदी. चाव्याने सामन्याचा निकाल बदलला नव्हता. ज्या हातांनी एका खंडाचा इतिहास बारा वर्षं पुढे ढकलला (उपांत्य फेरी गाठणारा पहिला आफ्रिकी संघ २०२२ मध्ये मोरोक्को ठरला) त्यांना एक सामना. दातांवर नियम कडक आहे, हातांवर सैल.

२ डिसेंबर २०२२ ला कतारमध्ये दोन्ही संघ पुन्हा भिडले. घानाला पेनल्टी मिळाली, आंद्रे आयूने ती वाया घालवली, उरुग्वे २-० असं जिंकलं. पण तिकडे दक्षिण कोरियाने पोर्तुगालला हरवलं आणि एकूण कमी गोल केले म्हणून उरुग्वे बाहेर. बाकावर सुआरेझ रडत होता आणि स्वतः बाहेर पडलेल्या घानाचे पाठीराखे नाचत होते. नियतीचा न्याय म्हणून वर्तमानपत्रांनी तो दिवस साजरा केला. नियमाने द्यायचा न्याय नियतीवर ढकलला की मंडळाला बैठक बोलवावी लागत नाही. ती त्यांनी बोलवावी आणि १८८३ साली खोडलेली ओळ परत लिहावी. तोवर १२० व्या मिनिटाला गोलरेषेवर हात वर न करणारा बचावपटू सभ्य असेल, पण प्रशिक्षकाने त्याला संघात ठेवू नये.